पाऊच, कारंजं की नळाचं पाणी? मांजर-कुत्र्याच्या खाण्यातल्या ओलाव्याची झाडाझडती

उन्हाळा तोंडावर आला की पेट शॉपमधलं एक कपाट बदलतं. वरच्या फळीवर ग्रेव्ही आणि जेलीचे पाऊच येतात, मधल्या फळीवर चाटायच्या क्रीमच्या ट्यूब आणि 'ब्रॉथ'ची, म्हणजे मांसाच्या पातळ रश्शाची, पाकिटं. काउंटरजवळ जनावराने पाणी प्यायचं प्लास्टिकचं कारंजं नमुन्यादाखल बुडबुडत ठेवलेलं असतं. सगळ्यांचा दावा एकच: तुमच्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पोटात पाणी जास्त जाईल. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या अख्ख्या कपाटाचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. मांजरासाठी पाऊच पैसे वसूल करून देतो, कारंजं हौसेचं आहे, ट्यूब हा निव्वळ खाऊ आहे, आणि रुपयामागे सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट या कपाटात नाहीच. ती स्वयंपाकघरातल्या नळाला येते.

मांजर आणि कुत्रा यांना एका मापाने मोजू नका. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, कोरड्या मुलखातला प्राणी. त्याचं बरंचसं पाणी शिकारीतूनच यायचं. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यामुळे मांजराची मूत्रपिंडं लघवी कमालीची दाट करून पाणी वाचवतात, पण तहान लागायला मात्र उशीर होतो. किबलमध्ये, म्हणजे ड्राय फूडच्या दाण्यांत, ओलावा असतो ६ ते १० टक्के. किबल खाणारं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं हे खरं, पण दिवसाचा जमाखर्च मांडला तर वेट फूडवरच्या, म्हणजे पाऊचसारखं ओलं खाणाऱ्या, मांजरापेक्षा त्याच्या पोटात एकूण पाणी कमीच जातं. कुत्रा ही तूट वाटीवर जाऊन बऱ्यापैकी भरून काढतो. मांजर काढत नाही.

पिण्याची रीतही आड येते. मांजर जिभेचं टोक पाण्याला जेमतेम टेकवून वर ओढतं आणि त्यासोबत उठणारी पाण्याची बारीक धार तोंडात पकडतं. सेकंदाला साडेतीन-चार वेळा हे होतं आणि एका वेळेला हाती लागतं साधारण ०.१४ मिलिलिटर. शंभर मिली प्यायला सातशेच्या वर जिभा माराव्या लागतात. तेवढा उत्साह दाखवणारं मांजर विरळाच.

हे सगळं मोजत बसायचं कारण बोके. बोक्याची मूत्रनळी टोकाशी अगदी अरुंद असते. दाट लघवीत स्ट्रुव्हाइट किंवा कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचले, किंवा मूत्राशय सुजून त्यातून चिकट बुळा सुटला, की नळी तुंबते. बोका शी-शूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि थेंब येत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय, म्हणून तुपाचं बोट चाटवलं जातं. तो वेळ वाया जातो. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते. ही 'सकाळी बघू' म्हणायची गोष्ट नाही; रात्री दोनला कळलं तर रात्री दोनलाच दवाखाना शोधायचा. नसबंदी केलेले, घरातच राहणारे, सुटलेल्या अंगाचे आणि फक्त किबलवरचे बोके या बाबतीत जास्त जोखमीचे.

आता पाऊच. मांजराचा पाऊच साधारण ७० ते ८५ ग्रॅमचा असतो, आणि भारतात बनणारे किंवा सर्रास मिळणारे पाऊच ४० ते ६० रुपयांना पडतात. पुढच्या बाजूचं सामनचं किंवा ट्यूनाचं चित्र सोडा. पाऊच उलटा करा आणि बारीक अक्षरांत आधी एकच शब्द शोधा: 'कम्प्लीट'. तिथे 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर तो पाऊच म्हणजे पूर्ण जेवण नाही. रश्शात मोकळे दिसणारे ट्यूनाचे किंवा चिकनचे धागे असलेले, माणसाच्या डोळ्याला सगळ्यात 'खरे' वाटणारे पाऊच बऱ्याचदा याच वर्गातले निघतात. त्यात टॉरिन (एक अमिनो आम्ल), कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं पुरेशी घातलेली असतीलच असं नाही. आठवड्यातून दोनदा चालतील, रोजचा डबा म्हणून नाही. टॉरिन मांजराला अन्नातूनच मिळावं लागतं. ते दीर्घकाळ कमी पडलं तर हृदयाचा स्नायू आणि डोळ्याचा पडदा दोन्ही जातात.

मग आकडे. नमुन्याचा ८५ ग्रॅमचा पाऊच घेऊ: ओलावा ८० टक्के, प्रथिनं ९, चरबी ३, राख (म्हणजे खनिजं) २, तंतू १. 'नऊच टक्के प्रथिनं? माझ्या किबलमध्ये बत्तीस आहेत!' ही तक्रार दुकानात दर दुसरा माणूस करतो. तुलना पाणी वजा करून करायची. पाऊचमध्ये शंभर ग्रॅमला कोरडा ऐवज २० ग्रॅम, त्यात ९ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ४५ टक्के. किबलमध्ये कोरडा ऐवज ९० ग्रॅम, त्यात ३२, म्हणजे साडेपस्तीस. पाऊचच सरस निघाला. प्रौढ मांजरासाठी अमेरिकेतल्या ॲफ्को या पशुखाद्य-संघटनेची किमान मर्यादा कोरड्या वजनावर २६ टक्क्यांची आहे, म्हणजे दोघेही पास.

पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतील तर काढता येतात. १०० मधून ओलावा, प्रथिनं, चरबी, राख, तंतू वजा करा. उरतात ती कर्बोदकं, इथे ५. प्रथिनांना ३.५, चरबीला ८.५, कर्बोदकांना ३.५ ने गुणा आणि बेरीज करा. शंभर ग्रॅमला साधारण ७५ किलोकॅलरी, म्हणजे पाऊचमागे ६३-६४. चार किलोच्या घरकोंबड्या मांजराला दिवसाला २०० च्या आसपास लागतात. तीन पाऊच झाले. तीन पाऊचमधून पाणी गेलं २०४ मिली, आणि चार किलोच्या मांजराला सगळ्या वाटांनी मिळून दिवसाला लागतं साधारण तेवढंच. अशा मांजराने वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही तरी घाबरायचं कारण नाही. आता तेच मांजर नुसत्या किबलवर ठेवा: ५५ ग्रॅम दाणे, त्यातून आलेलं पाणी पाच मिली. बाकी सगळी भिस्त त्या सातशे जिभांवर.

खर्चाचं मात्र कोड्यात बोलत नाही. ५० रुपयांचे तीन पाऊच म्हणजे महिन्याला साडेचार हजार. पाचशे रुपये किलोचं किबल धरलं तर महिन्याला आठ-सव्वाआठशे. पाचपटीच्या वरचा फरक, आणि त्या फरकात तुम्ही विकत घेताय ते मुख्यतः पाणी. म्हणून पाण्याचा आकडा बघून घ्या. ॲफ्कोच्या नियमात पेट फूडचा ओलावा सर्वसाधारणपणे ७८ टक्क्यांवर नेता येत नाही, पण नावात 'ग्रेव्ही', 'सॉस', 'स्ट्यू' असे शब्द असले की ही मर्यादा सुटते. त्यामुळे एकाच फळीवर ७८ चा जेलीचा आणि ८५ चा ग्रेव्हीचा पाऊच एकाच भावाला दिसतो. पहिल्यात शंभराला २२ ग्रॅम ऐवज, दुसऱ्यात १५. दुसरा घ्यायचाच असेल तर निदान माहीत असू द्या की जवळजवळ तिसरा हिस्सा अन्न कमी मिळतंय. लेबलवर 'मॅक्स' लिहिलेलं असतं हेही लक्षात ठेवा. ती वरची हद्द आहे, प्रत्यक्ष आकडा थोडा खाली असू शकतो.

पाऊच फोडल्यावर दिसणारे चौकोनी 'मांसाचे तुकडे' हे बहुधा तुकडे नसतातच. मांस, अवयव आणि गव्हाचं ग्लुटेन यांचा लगदा करून तो वाफेवर घट्ट करतात आणि कापतात. यात वाईट काही नाही, फक्त मटणाच्या फोडी समजून जास्त पैसे मोजू नयेत. ग्रेव्हीचा दाटपणा ग्वार गमसारख्या डिंकांचा. पाऊच बंद करून प्रेशर कुकरसारख्या यंत्रात साधारण १२१ अंशांना शिजवलेला असतो, म्हणून तो फ्रिजबाहेर टिकतो. फुगलेला, कोपऱ्यात ओलसर किंवा घडीवर चिरलेला पाऊच फेकून द्यायचा. वास चांगला येतोय हा पुरावा नाही.

रोजच्या वापरात चुका तीन ठिकाणी होतात. फ्रिजमधला अर्धा पाऊच थंडगार तसाच वाढला जातो आणि मांजर हुंगून निघून जातं. मांजराला ताज्या शिकारीइतकं कोमट आवडतं. पाऊचचं तोंड क्लिपने बंद करून कोमट पाण्याच्या वाटग्यात पाच मिनिटं उभा करा. पाऊचमध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो, म्हणून तो मायक्रोवेव्हमध्ये नको. दुसरं, वाढलेलं वेट फूड दिवसभर ताटलीत राहतं. मे महिन्यात तासाभराने उचला, इतर दिवसांत दोन तासांनी. फोडलेला पाऊच फ्रिजमध्ये झाकून दोन दिवसांच्या आत संपवा. आणि तिसरं, सोमवारी किबल बंद करून मंगळवारी पाऊच सुरू होतो. पोट बिघडतं आणि दोष पाऊचवर येतो. सात-दहा दिवसांत हळूहळू बदला. लहानपणापासून फक्त कुरकुरीत खाल्लेलं मांजर मऊ पोत मुळीच ओळखत नाही. त्याला उपाशी ठेवून नमवायला जाऊ नका. जाड मांजर दोन-तीन दिवस काहीच खाईना झालं तर यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो, आणि ते दुखणं पाऊचच्या वादापेक्षा फार महागात पडतं.

'वेट फूडने दात किडतात' हा दुकानदारांचा आवडता मुद्दा. साध्या किबलनेही दात साफ होत नाहीत. दाणा दाताच्या टोकाशीच फुटतो आणि हिरडीपर्यंत पोचतच नाही. दातांसाठी खास बनवलेलं किबल वेगळं, त्याचा दाणा मोठा आणि पटकन न फुटणारा असतो. बाकी, ब्रश.

मूत्रखड्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं खाणं या हिशेबाच्या बाहेर. हिल्सचं 'सी/डी' किंवा रॉयल कॅनिनचं 'युरिनरी एस/ओ' ड्राय आणि वेट अशा दोन्ही रूपांत बनतं. अशा खाण्यात खनिजं आणि लघवीची आम्लता बेतलेली असते. काहींत मीठ मुद्दाम वाढवलेलं असतं, मांजराने जास्त पाणी प्यावं आणि लघवी पातळ व्हावी म्हणून. त्यात चवीला म्हणून साधा पाऊच मिसळला की सगळं गणित कोसळतं. स्ट्रुव्हाइटचा खडा अशा खाण्याने विरघळू शकतो, ऑक्झलेटचा नाही. खडा कुठला हे लघवीची तपासणी आणि एक्स-रे बघून डॉक्टर ठरवतात, कपाटासमोर उभं राहून ठरत नाही. पण पर्याय असेल तर विचारा, 'याचंच वेट मिळेल का?' पुष्कळदा मिळतं, फक्त मागवावं लागतं.

वर नळाचा उल्लेख केला तो इथे. तीन पाऊच परवडत नसतील तर किबल भिजवा. वजनाने एकास दोन: ५० ग्रॅम दाणे, १०० मिली पाणी. दाण्यातलं पाच मिली आणि वरचं शंभर, म्हणजे दीडशे ग्रॅम खाण्यात एकशे पाच पाणी. झालं सत्तर टक्क्यांचं वेट फूड, उंदराच्या तोडीचं, खर्च शून्य. पाणी कोमट घ्या, उकळतं नको. दाण्यावर बाहेरून चरबी आणि चवीचं आवरण फवारलेलं असतं, ते उकळत्या पाण्यात सुटून वर तवंग येतो आणि उष्णतेने काही जीवनसत्त्वंही कमी होतात. पंधरा-वीस मिनिटांत दाणा फुगून बोटाने चेपता येतो. काही दाणे आतून कोरडेच राहतात, त्यांना अर्धा तास द्या. मांजराला एकदम इतकं ओलं नाही चालणार. पहिल्या दिवशी मूठभर दाण्यांवर चमचाभर पाणी, तेही वाढताना, म्हणजे दाणा कुरकुरीत राहतो आणि तळाशी रस्सा. दर दोन-तीन दिवसांनी चमचा वाढवा. भिजवलेलं किबल वेट फूडइतकंच नाशवंत, किंबहुना जरा जास्तच, कारण ते निर्जंतुक करून बंद केलेलं नसतं. सकाळी भिजवून ऑफिसला निघून गेलात तर संध्याकाळी ते आंबलेलं मिळेल.

आमच्या मते बहुतेक घरांना परवडणारा मधला रस्ता असा: सकाळी एक पाऊच दोन मोठे चमचे, म्हणजे तीसेक मिली, कोमट पाणी घालून, संध्याकाळी ३५ ग्रॅम किबल ७० मिली पाण्यात. पाणी जातं पावणेदोनशे मिलीच्या घरात, महिन्याचा खर्च येतो दोन हजारांच्या आसपास. पाऊचमध्ये पाणी घालताना ग्रेव्ही नीट ढवळा, नाहीतर मांजर वरचा रस्सा चाटून घेतं आणि तुकडे तुमच्यासाठी सोडतं. बदल झाला की नाही याची पावती ट्रेमध्ये मिळते. बेंटोनाइटच्या लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमधल्या ओली झाली की गोळा होणाऱ्या मातीत, गोळे मोठे होतात. आधी लिंबाएवढे असतील तर आठवड्याभरात संत्र्याकडे झुकतात. लिटर जास्त लागतं, ते धरून चाला.

कारंजं. मांजरांना वाहतं पाणी आवडतं, हे वाक्य इतक्या वेळा छापलं गेलंय की ते खरंच वाटतं. काही मांजरांना आवडतं, बेसिनच्या नळाखाली मान घालणारी मांजरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण वाटी आणि कारंजं समोरासमोर ठेवून जे प्रयोग झालेत त्यांत एकूण फरक किरकोळ निघालाय. आवड मांजरागणिक बदलते. म्हणून आधी फुकटातली चाचणी घ्या. चिनी मातीची किंवा स्टीलची पसरट वाटी काठोकाठ भरून, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब, दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. मांजर नळाशी आशेने बसत असेल तरच कारंज्याचा विचार करा.

घ्यायचंच ठरलं तर आत काय असतं ते बघू. बारा-पंधराशे ते तीन हजारांच्या दरम्यानची जवळजवळ सगळी कारंजी आतून एकच असतात: दोन-अडीच लिटरची टाकी, तळाशी ५ व्होल्टचा यूएसबीवर चालणारा छोटा पाण्यातला पंप, त्याच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा, आणि वर नारळाच्या करवंटीचा कोळसा व क्षार धरणारे रेझिनचे दाणे भरलेली फिल्टरची चकती. पंप दोनेक वॉटचा, म्हणजे दिवसरात्र चालला तरी महिन्याला दीड युनिट. विजेचं काही नाही. खरा खर्च चकत्यांचा. दोन ते चार आठवड्यांनी बदला असं खोक्यावरच लिहिलेलं असतं, आणि वर्षाचा हिशेब केला तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. घेण्याआधी त्याच मापाच्या सुट्या चकत्या आणि सुटा पंप मिळतो का हे तपासा. पंप मिळत नसेल तर ते कारंजं एका उन्हाळ्याचं सोबती आहे.

पहिली चूक पहिल्याच दिवशी होते. नवी चकती खोक्यातून काढून थेट बसवली की कोळशाची पूड सुटते आणि पाणी राखाडी होतं. चकती दहा मिनिटं पाण्यात भिजवा, मग नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आणि एक गैरसमज काढून टाका: ही चकती पाणी मऊ करत नाही. कोळसा क्लोरिनचा वास काढून घेतो, एवढंच. रेझिनचे चिमूटभर दाणे बोअरच्या पाण्यासमोर काही दिवसांत हात टेकतात. टाकीच्या काठाला पांढरा थर दिसू लागला की तो क्षार, आणि तोच पंपातही बसलेला असतो.

पंप उघडायला घाबरू नका, उघडला नाही तर तो चार-पाच महिन्यांत घरघरायला लागतो. आधी प्लग काढा. पंपाच्या समोरचं जाळीचं झाकण नखाने सरकतं. आत तीन-चार पाती असलेला छोटा पंखा दिसेल; त्याच्या मागे चुंबकाची नळी असते, म्हणून ओढताना तो आत खेचल्यासारखा वाटतो. सरळ बाहेर ओढा. बारीक दांडी सिरॅमिकची असेल तर ती पडून तुटते, तेव्हा ताटावर धरून काम करा. पात्यांभोवती केसांचं वेटोळं असतं, आणि भोकाच्या भिंतीवर चिकट थर. केस चिमट्याने, थर कानाच्या काडीने काढा. बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर तो जीवाणूंचा थर. कधी तो गुलाबीसर दिसतो. नुसतं विसळून तो जात नाही, भांडी घासायच्या साबणाने घासावाच लागतो. क्षारासाठी लिटरभर कोमट पाण्यात टेबलस्पूनभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत, त्यात सुटे भाग अर्धा तास. मग दोनदा साध्या पाण्याने. टाकी आठवड्याला, पंप दोन आठवड्यांनी. हे जमणार नसेल तर कारंज्यापेक्षा रोज घासलेली वाटी शंभर पटीने बरी.

आवाज वाढला तर लगेच 'पंप गेला' म्हणू नका. बहुतेक वेळा पाणी पंपाच्या तोंडाखाली गेलेलं असतं किंवा आत हवा अडकलेली असते. पाण्यात बुडवूनच पंप तिरका करून हलवला की बुडबुडा सुटतो. कोरडा चालत राहिलेला पंप मात्र खरोखरच जळतो, आणि उन्हाळ्यात दोन लिटर पाणी मांजराच्या जिभेपेक्षा हवेनेच जास्त उडतं. वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे थेंब घरंगळला तरी सॉकेटमध्ये जाणार नाही. वायर चावणारं पिल्लू घरात असेल तर कारंजं नकोच. काही मॉडेलांत वीज गेली की वरची पाणी प्यायची ताटली कोरडी पडते आणि मांजराला टाकीतलं पाणी पोचत नाही. भारनियमनाच्या गावात याच्याजवळ एक साधी वाटी हवीच. प्लास्टिकच्या मॉडेलाला ओरखडे पडले की त्यात घाण धरते, आणि हनुवटीवर काळे ठिपके येणाऱ्या मांजरांना प्लास्टिक टाळायला डॉक्टर सांगतातच. स्टीलचं जरा महाग, पण तेच घ्या. आणि वाटी असो की कारंजं, पावसाळ्यात आठवड्याच्या 'कोरड्या दिवशी' कुलर आणि कुंड्यांच्या ताटल्यांसोबत तेही रिकामं करून घासा. डेंग्यूच्या डासाला मांजराचं भांडं वर्ज्य नाही.

ट्यूबबद्दल थोडक्यात. १४-१५ ग्रॅमची ट्यूब, त्यात पाणी बारा-तेरा मिली. एक मोठा चमचासुद्धा नाही. औषधाची गोळी लपवायला, नखं कापताना लाच द्यायला उत्तम. पाण्यासाठी घ्यायची तर ती अर्ध्या वाटी कोमट पाण्यात कालवून 'सूप' करा, मग अर्थ आहे.

ब्रॉथच्या पाकिटावर घटक वाचल्याशिवाय हात लावू नका. कांदा किंवा लसणाची पूड दिसली की परत फळीवर. दोन्हींनी तांबड्या पेशी फुटतात, आणि मांजर कुत्र्यापेक्षाही नाजूक. माणसांच्या सूपच्या वड्या तर मुळीच नाहीत, त्यात मीठही भरपूर. घरी करायचं असेल तर कातडी काढलेलं चिकन नुसत्या पाण्यात शिजवा, मीठ-हळद-आलं काही नको, गार करून वरचा चरबीचा थर काढा, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक घन साधारण १५ मिली, रोज दोन घन किबलवर. दूध पाण्याला पर्याय नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नीट पचत नाही आणि जुलाबात पाणी आणखी जातं. नारळपाणी मूत्रपिंडाच्या रुग्णाला देऊ नका, पोटॅशियम असतं.

कुत्र्यांसाठी हे कपाट बहुतांशी अनावश्यक. अठ्ठावीस किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला तेरा-साडेतेराशे किलोकॅलरी लागतात. वरच्या नमुन्याच्या पाऊचने पोट भरायचं तर दिवसाला एकवीस पाऊच फोडावे लागतील. छोट्या जातीच्या, दात गेलेल्या किंवा खाण्यात नखरे करणाऱ्या कुत्र्याला पाऊच ठीक, बाकीच्यांना भिजवलेलं किबल आणि मोठं, जड बुडाचं भांडं. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो आणि त्यात पाणी उडतं, म्हणून विदर्भातल्या ४५ अंशांत एकाऐवजी तीन ठिकाणी पाणी ठेवा, त्यातलं एक सावलीतल्या मातीच्या कुंड्यात. पग आणि फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना धापेने गार होणं जमत नाही. त्यांना दुपारी बाहेर नेऊन मग पाणी पाजण्यापेक्षा बाहेर नेऊच नका. पाणी कमी पडलंय का हे बघायला मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची असं सगळे सांगतात, पण म्हाताऱ्या किंवा हडकुळ्या जनावराची कातडी तशीही सावकाश बसते. हिरडी बघा. ती ओली, निसरडी हवी. बोटाला चिकटली तर दवाखाना.

शेवटची गोष्ट वाटी मोजण्याची, कारण वरची सगळी खरेदी तिच्यावर ठरते. सकाळी मोजपात्राने ५०० मिली पाणी घाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं मोजा. तशीच दुसरी वाटी, तेवढंच पाणी घालून, त्याच खोलीत पण जनावराला पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. त्यातलं जेवढं घटलं ते हवेने उडालं, ते वजा करा. तीन दिवसांची सरासरी काढा. मांजर वजनाच्या किलोमागे दिवसाला ५० मिलीपेक्षा जास्त, किंवा कुत्रा १०० मिलीपेक्षा जास्त पीत असेल, तर ते 'छान पाणी पितंय' असं नव्हे. मूत्रपिंडं, मधुमेह, मांजरात थायरॉइड, नसबंदी न केलेल्या कुत्रीत गर्भाशयातला पू, यांतलं काहीही असू शकतं. अशा वेळी पाऊच किंवा कारंजं घ्यायला न जाता सकाळची ताजी लघवी बाटलीत धरून डॉक्टरांकडे न्या. मांजराची धरायची तर रिकाम्या, धुतलेल्या ट्रेमध्ये लिटरऐवजी मत्स्यालयाचे प्लास्टिकचे खडे टाका, आणि दोन तासांच्या आत पोचवा.